परिषदेला एसटीने जायचे तर : महाडच्या वाटेवरचा हिशोब

विभागीय परिषदेची पत्रिका हातात आली की तिच्यावर उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख अतिथी यांची नावे फोटोंसह दिसतात. भोजनदान कोणाचे, मंडप कोणाचा, हेही कळते. पण ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याने तिथे यायचे कसे आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे बहुतेक पत्रिकांवर नसते.

ही बाब किरकोळ नाही. आपल्या परिषदांमध्ये ठराव शेवटच्या सत्रात येतात. चारला ठरलेले सत्र साडेपाचला सुरू होते, मग पाहुण्यांचे सत्कार, मग दोन भाषणे. तोवर गावाकडे मुक्कामी जाणाऱ्या एसटीची वेळ झालेली असते. मंडपाच्या मागच्या बाजूला बसलेल्या आयाबाया पिशव्या उचलून निघतात, त्यांच्यामागे म्हातारी माणसे निघतात. ठरावाला हात वर होतात ते बाहेर ज्यांची गाडी उभी आहे त्यांचे. समाजाच्या नावाने मंजूर झालेला ठराव समाजातल्या कोणी मंजूर केला, हे अनेकदा बसच्या वेळापत्रकाने ठरते.

म्हणून परिषदेचा प्रवास नीट समजून घ्यायला हवा, जाणाऱ्यांनीही आणि बोलावणाऱ्यांनीही. उदाहरण म्हणून महाड घेऊ. २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन तारखांना तिथे राज्यभरातून माणसे येतात. २०२७ साली दोन्ही घटनांना शंभर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यामुळे ही गर्दी आणखी वाढणार हे धरून चालावे.

१९२७ मध्ये लोक महाडला कसे गेले

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजचा रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा. नावाप्रमाणे ती एका जिल्ह्याची परिषद होती. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, एसटी नव्हती. बहुतेक लोक भाकरी बांधून पायी आले. परिषद संपल्यावर चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, आणि त्यानंतर हल्ला झाला. तो झाला तेव्हा माणसे पांगलेली होती. कोणी जेवत होते, कोणी गावाकडे निघायच्या तयारीत होते, कोणी लहान लहान टोळक्यांनी शहरात होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. मुंबईहून जायचा सोयीचा मार्ग धरमतरवरून होता. धरमतरला उतरायचे आणि पुढे मोटारबसने महाड गाठायचे. पण धरमतरचे बसवाले बहिष्कार टाकतील आणि माणसे अर्ध्या वाटेवर अडकतील, अशी शक्यता होती. म्हणून दुसरा मार्ग निवडला गेला. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि सुमारे दोनशे मंडळी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाली, हरिहरेश्वरमार्गे सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरली. दासगाव ते महाड हे पाच मैलांचे अंतर मिरवणुकीने चालत कापायचे ठरले होते. बस मिळेल की नाही हे दुसऱ्याच्या हातात होते, पाय आपले होते. २५ डिसेंबरच्या रात्री परिषदेत मनुस्मृती जाळली गेली.

ही माहिती इथे देण्याचे कारण असे की प्रवासाची आखणी हा त्या परिषदेच्या तयारीचाच भाग होता. कोणत्या मार्गाने गेल्यावर सगळे पोहोचतील आणि कोणत्या मार्गावर कोणी अडवू शकेल, याचा विचार आधी झाला होता. आज एसटीत चढताना वाहक जात विचारत नाही. तिकीट काढले की जागा आपली. पण कोणता मार्ग, कोणती गाडी आणि परत कसे यायचे, हे प्रश्न अजून तसेच आहेत.

महाडला कोणत्या वाटेने जावे

महाड मुंबई-गोवा महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर आहे. मुंबईपासून अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर. महाडला स्वतःचे एसटी आगार आहे, आणि बसस्थानकापासून चवदार तळे चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडून : मुंबई सेंट्रल, परळ, बोरिवली, ठाणे इथून कोकणात जाणाऱ्या एसटी सुटतात. थेट महाडची गाडी मिळाली नाही तर हार्बरच्या लोकलने पनवेल गाठावे. पनवेलच्या एसटी स्थानकावर पोलादपूर, खेड, दापोली, चिपळूण, रत्नागिरीकडे जाणाऱ्या गाड्या येतात आणि त्यातल्या बहुतेक महाडवरून जातात. चढण्याआधी वाहकाला एक गोष्ट विचारा : गाडी महाड स्थानकात आत जाते की बाहेर महामार्गावर उतरवते? सोबत म्हातारे माणूस असेल तर हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

खिडकीतून वाट ओळखायची तर माणगावनंतर लोणेरे येते, जिथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्यापुढे वीर, मग दासगाव, मग महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. लेणी दिसली की महाड दोन-तीन किलोमीटरवर आले, सामान आवरायला घ्यावे. मुक्काम असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ही बौद्ध लेणी जरूर पाहावी.

रेल्वेने : महाडला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेचे सर्वांत जवळचे स्थानक वीर. दिव्याहून रत्नागिरी, सावंतवाडीकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या वीरला थांबतात. स्थानकातून महामार्गावर आले की महाडकडे जाणारी एसटी, मिनीडोर किंवा रिक्षा मिळते. बऱ्याच एक्स्प्रेस गाड्या वीरला थांबत नाहीत, त्यांच्यासाठी माणगावला उतरून एसटी धरावी लागते. तिकीट काढण्याआधी आपली गाडी नेमकी कुठे थांबते ते पाहा.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. माणगाव दोन आहेत. हे रायगड जिल्ह्यातले. मार्च १९२० मध्ये बाबासाहेब आणि छत्रपती शाहू महाराज यांच्या उपस्थितीत परिषद झाली ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात आहे. तिथे जाणाऱ्यांनी कोल्हापूर-मिरज मार्गावरचे रुकडी स्थानक लक्षात ठेवावे. मोबाईलवर नुसते ‘माणगाव’ टाकून निघू नये.

पुण्याकडून : स्वारगेटहून महाडला जायला दोन घाट आहेत. एक ताम्हिणीचा, तो माणगावला उतरतो. दुसरा भोरमार्गे वरंधा घाट, तो थेट महाडला उतरतो. वरंधा घाट दरडी आणि रस्त्याच्या कामामुळे अधूनमधून बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी आगारात विचारून घ्यावे. सातारा, वाई, महाबळेश्वर भागातल्या लोकांना आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि तिथून महाड हा रस्ता जवळचा.

मराठवाडा, विदर्भ, खानदेशाकडून : नांदेड, परभणी, लातूरकडच्या लोकांसाठी नांदेड-पनवेल एक्स्प्रेस सोयीची आहे, पनवेलला उतरून एसटी घ्यायची. नागपूर, अकोला, भुसावळ, नाशिककडून येणाऱ्यांनी कल्याणला उतरावे. तिथून पनवेलची एसटी धरावी, किंवा लोकलने दिव्याला जाऊन कोकणची पॅसेंजर पकडावी. ही पॅसेंजर चुकली तर पुढची लगेच नसते. रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाने त्यामुळे पनवेल-एसटी हाच रस्ता धरलेला बरा.

तारखांचा फेरा

महाडच्या दोन्ही तारखा कोकणच्या गर्दीच्या दिवसांत येतात. २५ डिसेंबरला नाताळ असतो आणि गोव्याला जाणाऱ्यांनी कोकण रेल्वे भरलेली असते. २० मार्च शिमग्याच्या आसपास येतो आणि चाकरमानी गावाकडे निघालेले असतात. २०२७ साली २० मार्चला शनिवार आहे आणि होळी पौर्णिमाही त्याच दोन-तीन दिवसांत आहे. पनवेलला आयत्या वेळी उभे राहून जागा मिळेल, या भरवशावर त्या वर्षी राहू नये.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती, आणि कित्येकांच्या डोक्यात अजून तोच हिशोब आहे. २५ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २६ ऑक्टोबरला उघडते. २० मार्च २०२७ च्या गाडीचे १९ जानेवारीला. परतीचे तिकीट त्याच बैठकीत काढून ठेवावे. जाताना उभ्याने जाता येते, पण दिवसभर उन्हात राहून परतताना लहान मूल घेऊन उभे राहणे अवघड असते.

तिकीट आणि सवलती

साध्या एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते. सवलती अशा आहेत :

मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत तिकिटात ५० टक्के सवलत आहे.

६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट लागते.

७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वयाला निम्मे.

ज्येष्ठांनी वयाचा पुरावा म्हणून मूळ आधार कार्ड जवळ ठेवावे. मोफत प्रवासालाही वाहकाकडून शून्य रकमेचे तिकीट घ्यायचे असते, नुसते बसून राहायचे नसते. या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत. गोवा, बेळगाव किंवा हैदराबादकडून येणाऱ्यांना हद्दीपलीकडच्या अंतराचे पूर्ण भाडे लागते. शहरांच्या परिवहन सेवांच्या बसमध्येही एसटीची ही सवलत धरू नये.

रेल्वेत ज्येष्ठांना पूर्वी मिळणारी तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. त्यामुळे सत्तरीतल्या आजी-आजोबांसाठी, अंतर फार नसेल तर, एसटी रेल्वेपेक्षा परवडणारी ठरू शकते. दोन्हींचा हिशोब करूनच ठरवा.

वाहकाच्या यंत्रावर आता मोबाईलने पैसे देता येतात, पण घाटात रेंज जाते. सुटे पैसे सोबत असू द्यावेत.

वस्तीतून सगळे मिळून निघताना

वीस-पंचवीस जण जाणार असतील तर पहिला विचार टेम्पो किंवा पिकअपचा होतो. तो सोडून द्यावा. मालवाहू वाहनातून माणसे नेणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळताना हेच कारण आडवे येते. निळे झेंडे लावलेल्या उघड्या गाडीत उभे राहून जाण्यात उत्साह दिसतो, पण त्या गाडीतल्या माणसामागे एक घर असते. एसटीच्या तिकिटात अपघात साहाय्यता निधीची रक्कम धरलेली असते. तिकीट जपून ठेवा, घरी पोहोचेपर्यंत फेकू नका.

संपूर्ण एसटी हवी असेल तर ‘प्रासंगिक करार’ हा शब्द आगारात वापरा. यात संपूर्ण गाडी किलोमीटरच्या दराने, जाण्यायेण्याचे अंतर धरून मिळते आणि अनामत भरावी लागते. पैसे गाडीचे द्यायचे असल्याने महिला आणि ज्येष्ठांच्या तिकीट सवलतीचा फायदा त्यात धरू नये. मग स्वस्त काय पडेल? ज्या गटात बायका आणि ज्येष्ठ जास्त आहेत, त्याला नेहमीच्या गाडीने आगाऊ आरक्षण करून जाणे बहुधा स्वस्त पडते. तरुण मुलांचा गट असेल आणि गाव आडवाटेला असेल, तर करार परवडू शकतो. दोन्ही आकडे कागदावर मांडून वस्तीच्या बैठकीत ठेवा.

आणखी एक गोष्ट मागता येते. आषाढीला पंढरपूरसाठी एका गावातून ४० किंवा अधिक प्रवासी एकत्र आले तर थेट गावातून एसटी सोडण्याची सोय महामंडळाने केलेली आहे, आणि तिथे तिकिटाच्या सवलतीही लागू ठेवल्या आहेत. महाड, नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी यांसाठीही गावागावांतून अशीच मागणी लेखी गेली पाहिजे. आगारात मागणी नोंदलीच गेली नाही तर गाडी कशाच्या आधारावर सुटणार?

भंते आणि ज्येष्ठ सोबत असतील तर

भिक्खू दुपारी बारानंतर भोजन घेत नाहीत. सकाळी आठला पनवेलहून निघालेली गाडी माणगाव किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत अडकली, तर महाडला पोहोचेपर्यंत बारा वाजून जातात आणि भंतेंना दिवसभर उपाशी राहावे लागते. त्यांच्यासोबत जाणाऱ्यांनी पहाटेची गाडी धरावी, किंवा वाटेत अकराच्या आत भोजनदान होईल अशी सोय एखाद्या विहाराकडे आधी सांगून ठेवावी. काही भिक्खू पैसे हाताळत नाहीत. त्यांना एकटे एसटीत बसवून देऊ नये, तिकीट काढायला एक उपासक सोबत असावा.

मार्चमध्ये महाडला ऊन आणि दमट हवा दोन्ही असतात. ज्येष्ठांची औषधे, पाण्याची बाटली आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा, गटप्रमुखाच्या पिशवीत नको. गर्दीत पिशवी एकीकडे आणि माणूस एकीकडे होते.

परतीची वेळ आधी ठरवा

मार्च १९२७ चा हल्ला परिषद संपून माणसे पांगल्यावर झाला, हे वर आले आहे. आज तशी भीती धरून प्रवास करावा लागत नाही. पण परतीच्या वाटेवर माणूस थकलेला, गटापासून सुटलेला आणि मोबाईलची बॅटरी संपलेला असतो, हे आजही खरे आहे. म्हणून महाड स्थानकात उतरल्याबरोबर, तळ्याकडे जाण्याआधी, चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारून लिहून घ्या. शेवटच्या गाडीवर बेत आखू नका, तिच्या आधीच्या गाडीवर आखा. शेवटची गाडी राखीव धरा. भेटायची जागा आणि वेळ गटातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, तोंडपाठ असू द्या.

पुढच्या प्रवासाची साखळीही पाहा. महाडहून सहाला निघालेली एसटी पनवेलला रात्री उशिरा पोहोचते. तिथून शेवटची लोकल आहे का? शेवटच्या स्थानकावरून वस्तीपर्यंत रिक्षा मिळेल का? एकट्या बाईला हा शेवटचा टप्पाच सर्वांत अडचणीचा जातो. एका वस्तीतल्या बायकांनी एकाच गाडीने परतावे, ही साधी शिस्त पुरेशी असते.

आयोजकांच्या हातातल्या गोष्टी

हे सगळे केवळ महाडपुरते नाही. जिल्ह्याची, विभागाची कोणतीही धम्म परिषद असो, आयोजकांनी काही गोष्टी केल्या तर गाडी नसलेला माणूस शेवटपर्यंत बसू शकतो.

जागा ठरवताना पार्किंग किती, याआधी एसटी स्थानक किती लांब, हे विचारा. बाह्यवळण रस्त्यावरचे मोठे मंगल कार्यालय दिसायला चांगले असते, पण तिथे कोणतीही एसटी थांबत नाही. स्थानकापासून चालत जाता येईल असे शाळेचे मैदान त्यापेक्षा बरे.

पत्रिकेवर चार ओळी छापा : जवळचे एसटी स्थानक आणि रेल्वे स्थानक, तिथून अंतर, प्रमुख मार्गांवरच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा, आणि चौकशीसाठी एका कार्यकर्त्याचा नंबर. एका पाहुण्याचा फोटो लहान केला तर एवढी जागा होते.

आगार व्यवस्थापकांना तीन-चार आठवडे आधी लेखी पत्र द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. महाडच्या बाबतीत विभागीय कार्यालय पेणला आहे. पत्रात तारीख, अपेक्षित संख्या, कोणत्या मार्गावर किती वाजता जादा गाड्या हव्यात हे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. ‘सहकार्य करावे’ एवढ्यावर गाडी सुटत नाही. आकडे दिले की नियोजन करता येते.

स्थानकावर समता सैनिक दलाचे दोन सैनिक सकाळी आणि संध्याकाळी उभे ठेवा. मंडपाच्या दाराशी परतीच्या गाड्यांचा फलक लावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ठराव जेवणाआधी घ्या. दुपारी बारा ते एक या वेळात मंडप सर्वांत भरलेला असतो. त्याच वेळी ठराव वाचा, चर्चा करा, हात मोजा. सत्कार आणि आभार संध्याकाळी ठेवा. पाहुण्यांकडे गाडी असते, ते थांबू शकतात. शेतमजुरी बुडवून, निम्म्या तिकिटात तीन गाड्या बदलून आलेली बाई थांबू शकत नाही. तिचा हात वर झाल्यानंतरच तिची एसटी सुटली पाहिजे.